नायलॉनचा धनी कोण?

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातील आमच्या शेतातल्या विहिरीची मोटर दोर तुटून तळाला गेली. दोर जुना नव्हता. त्याने तीनच उन्हाळे पाहिले होते. तालुक्याच्या गावी दुकानदाराने तो किलोवर तोलून देताना “भाऊ, पक्का नायलॉन आहे, तुमच्या हयातीत तुटत नाही,” असे सांगितले होते. त्याने मुद्दाम फसवले असे मला आजही वाटत नाही, कारण त्यालाही तो माल त्याच नावाने मिळाला होता. गळ टाकून आणि दोन माणसे विहिरीत उतरवून मोटर वर काढली, तेव्हा दोराचे दोन भाग वेगळे दिसले. पाण्याखालचा भाग नव्यासारखा होता. पाण्याच्या वरचा, दिवसभर ऊन खाणारा भाग हातात चोळला की त्याची भुकटी होत होती. मी दोन्हींचे तुकडे कापून बादलीतल्या पाण्यात दाबून धरले, त्यांतली हवा जाऊ दिली आणि सोडले. दोन्ही वर आले. नायलॉन असे वर येत नाही, ते बुडते.

तो दोर पॉलिप्रोपिलीन या वेगळ्या, हलक्या प्लास्टिकचा होता. आपल्या बाजारात चमकदार, गुळगुळीत, न कुजणाऱ्या प्रत्येक दोराला नायलॉन म्हणतात. बाजेची पट्टी नायलॉनची, गुरांचे दावे नायलॉनचे, टोमॅटोच्या झाडाला आधार देणारी सुतळी नायलॉनची. इतकेच काय, पातळ पोहे ‘नायलॉन पोहे’ आणि बारीक शेव ‘नायलॉन शेव’ झाली. भाषेने एखादा शब्द असा सैल करून वापरावा यात काही गैर नाही. पण ज्या वस्तूवर माणसाचा जीव, जनावराचे नाक किंवा हजारो रुपयांची मोटर लोंबकळते, तिच्या नावातला सैलपणा परवडत नाही. या लेखात मला मांडायचे आहे ते असे की, नायलॉन चांगले की वाईट हा वाद निष्फळ आहे. विकताना त्याचे खरे नाव सांगितले जात नाही आणि काम संपल्यावर ते परत घेणारा कोणी नसतो, या दोन उणिवा दूर करणे हे शासनाचे काम आहे आणि ते होण्याजोगे आहे.

नायलॉन म्हणजे काय, हे आधी नीट पाहायला हवे. अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखाली २८ फेब्रुवारी १९३५ रोजी ते प्रथम तयार झाले. प्रत्येकी सहा कार्बन अणू असलेले दोन पदार्थ एकमेकांना जोडून त्याची लांब साखळी बनवली जाते, म्हणून त्या प्रकाराला नायलॉन ६६ म्हणतात. जर्मनीत पॉल श्लाक यांनी १९३८ मध्ये कॅप्रोलॅक्टम या एकाच पदार्थापासून दुसरा प्रकार केला, तो नायलॉन ६. आपल्याकडे दोर, जाळी आणि टायरमधल्या दोऱ्यासाठी मुख्यतः हाच दुसरा प्रकार चालतो, आणि त्याला लागणारे कॅप्रोलॅक्टम वडोदरा आणि केरळमधील उद्योगमंडल येथे तयार होत आले आहे. या साखळ्यांमधला सांधा रेशमात आणि लोकरीत असतो त्याच जातीचा आहे. शेजारशेजारच्या साखळ्या त्या सांध्यांच्या ठिकाणी एकमेकींना घट्ट ओढून धरतात, आणि धागा काढताना तो मूळ लांबीच्या कित्येक पट ताणला की सगळ्या साखळ्या एका दिशेने सरळ होतात. अंबाडीचा वाख विंचरून, सरळ करून मगच वळला तर दोर पक्का होतो, हे ज्याने पोळ्याच्या आधी घरी पाहिले आहे त्याला यातले मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या रचनेतूनच त्याचे सगळे गुण येतात. नायलॉन ताणले की लांबते आणि सोडले की परत येते, त्यामुळे एकाएकी बसलेला हिसका ते पचवते. म्हणून दुसऱ्या महायुद्धात रेशमाऐवजी त्याची हवाई छत्री झाली, आणि म्हणूनच रुतलेला ट्रॅक्टर ओढायला त्याचा दोर चालतो. घासले तरी ते लवकर झिजत नाही, तेल आणि डिझेल त्याचे काही बिघडवत नाही, त्यामुळे शिलाई मशीनच्या दातेरी चाकापासून यंत्रातल्या बुशपर्यंत ते धातूची जागा घेते. नायलॉन ६ सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळते, तर पॉलिप्रोपिलीन १६५ अंशांच्या आसपासच. पाण्याच्या १ घनतेच्या तुलनेत नायलॉनची घनता १.१४ आहे आणि पॉलिप्रोपिलीनची ०.९ च्या जवळ, म्हणून बादलीतली साधी परीक्षा शेतकऱ्याला निदान या दोघांतला फरक सांगू शकते. उणिवाही आहेतच. नायलॉन पाणी पिते, भिजल्यावर त्याची ताकद साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी घटते, तीव्र आम्लाने ते खराब होते आणि संरक्षक द्रव्य मिसळले नसेल तर उन्हानेही कमजोर होते, फक्त तसल्याच कच्च्या पॉलिप्रोपिलीनइतके झपाट्याने नव्हे. नागपूर-चंद्रपूरकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हा ‘फक्त’ फार महत्त्वाचा ठरतो.

खेड्यात खरे नायलॉन कोठे आहे हे शोधायला गेलो तर ते बहुधा नजरेआड सापडते. रबरी चाकाच्या बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या टायरच्या पोटात त्याची दोरी असते आणि तीच टायरला आकार व बळ देते. छत्रीच्या कापडात, पिशवीच्या चेनमध्ये, दात घासायच्या ब्रशच्या केसांत ते असते. तण कापणाऱ्या यंत्राच्या टोकाला गरगर फिरणारी जाड तार बहुतेक वेळा नायलॉनचीच असते. ती झिजते म्हणजे तिचे कण बांधावर पडतात, आणि तणनाशकाला पर्याय म्हणून हे यंत्र घेणाऱ्या शेतकऱ्याला याची कल्पना कोणी दिलेली नसते. पण ज्या एका ठिकाणी नायलॉनने विदर्भातल्या एका संपूर्ण समाजाचे जगणे बदलले, ते ठिकाण म्हणजे पूर्व विदर्भातले तलाव.

माझ्या बहिणीचे सासर गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. नवेगावबांध आणि इटियाडोह ही मोठी नावे सर्वांना माहीत असतात, पण त्या भागाचे खरे वैभव गावोगावच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे आहे. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, घालून हे पाणी अडवले, धानाला पुरवले, आणि त्याच पाण्यावर ढिवर समाज मासे आणि शिंगाडा काढून जगत आला. जुन्या काळी जाळे सुताचे किंवा सणाच्या वाखाचे असे. ते रोज पाण्यातून काढून पसरून वाळवावे लागे, नाहीतर कुजे. झाडांच्या सालींचा काढा करून त्यात ते बुडवून ठेवावे लागे. ओले झाले की इतके जड होई की ओढायला माणसे वाढवावी लागत. नायलॉन आले आणि हा सगळा खटाटोप संपला. जाळे कुजत नाही, वाळवावे लागत नाही, पाण्यात माशाला दिसत नाही, आणि त्याच ताकदीचा धागा कितीतरी बारीक असल्याने एका माणसाला एका डोंग्यात बसून ते सांभाळता येते. या बदलाने ढिवर कुटुंबांतल्या स्त्रियांचे किती कष्ट वाचले, याची दखल नायलॉनवर टीका करणाऱ्यांनी क्वचितच घेतली आहे. जाळ्याची डागडुजी, वाळवण आणि काढा हा त्यांच्याच वाट्याचा भार होता.

म्हणून मी ‘पुन्हा सुताकडे चला’ असे म्हणणाऱ्यांपैकी नाही. परंतु जो गुण जाळे टिकवतो, तोच गुण जाळे टाकून दिल्यावरही टिकतो. पाण्यात उभे ताणून ठेवायचे जाळे, ज्यात मासा डोके घालतो आणि कल्ल्यांशी अडकतो, ते तंगूसाच्या, म्हणजे एकेरी जाड तंतूच्या धाग्याचे असले तर स्वस्त पडते पण फाटल्यावर सांधायला नकोसे होते. तो धागा इतका गुळगुळीत असतो की त्यावर साधी गाठ ठरत नाही. बारीक तंतू पिळून केलेल्या धाग्याचे जाळे महाग असते, पण ते सांधत सांधत अनेक हंगाम चालते. किमतीमुळे लोक पहिले घेतात, एक-दोन हंगामांत ते फाटते, कुठल्या बुडालेल्या खुंटाला अडकले तर तिथेच कापून सोडले जाते. असे बेवारस जाळे मासे पकडायचे थांबत नाही. अडकलेला मासा मरतो, त्याला खायला आलेले कासव अडकते, बुडी मारणारा पाणकावळा अडकतो, आणि हे सगळे कोणाच्याही ताटात न जाता पाण्यात कुजते. शिंगाड्याच्या वेलीत उतरणाऱ्यांच्या पायांना या जुन्या जाळ्यांची मिठी पडते, हे मी बहिणीच्या गावी एकाहून अधिक लोकांकडून ऐकले आहे, आणि कमरेइतक्या पाण्यात चिखलात पाय रुतलेला असताना ही मिठी काय असते ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

उन्हाळ्यात तलाव आटला की हे सारे उघडे पडते. भेगाळलेल्या तळावर फिक्या निळ्या-हिरव्या गुंतवळ्या पडलेल्या असतात आणि त्यांच्या आसपास उगवलेले हिरवे गवत खायला गुरे उतरतात. गवताबरोबर दोऱ्याचा गुंता पोटात गेला तर तो जनावराच्या पोटात विरघळत नाही, साचत जातो. महाराष्ट्रात सारस पक्षी आज मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या याच धानबांध्यांच्या आणि तलावांच्या आधाराने तग धरून आहे. त्याच्या पावलांखालची जमीन अशी असावी हे मला सहन होत नाही. आणि गोष्ट तलावापाशी संपत नाही. २०१७ मध्ये राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली, आणि तलावातला सुपीक गाळ शेतात नेऊन टाकण्याची ही योजना मला मनापासून पटते. पण गाळाबरोबर जाळ्यांचे तुकडेही शेतात येतात, नांगराला गुंडाळतात, आणि पुढच्या दरवर्षीच्या वखरणीत अधिकाधिक बारीक होत मातीत मिसळतात. गाळ उचलण्यापूर्वी तळावरची जाळी वेचून काढणे ही त्या कामातली बंधनकारक पायरी असायला हवी, आणि ती मजुरी त्या कामाच्या खर्चात धरली जायला हवी.

आता ज्या एका वस्तूवर आपण बंदी घालून पाहिली, तिच्याकडे वळतो. नायलॉन किंवा इतर कोणत्याही कृत्रिम धाग्याच्या पतंगाच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर बंदी घातली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पुढे या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तरीही संक्रांत जवळ आली की नागपुरातच नव्हे, तर तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांतही तो मांजा मिळतो आणि दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे कापले जातात. सुताचा दोरा ताण वाढला की तुटतो आणि माणूस वाचतो. नायलॉनचा धागा ताणला जातो, तुटत नाही, आणि गाडीच्या वेगाने तो सुरीचे काम करतो. पडण्याच्या हिसक्यापासून गिर्यारोहकाचा जीव वाचवणारा गुण इथे जीव घेतो. ही बंदी योग्यच आहे, कारण पतंग सुताच्या दोऱ्यानेही उडतो आणि नायलॉनवाचून कोणाचे काहीही अडत नाही. पण ती अपुरी पडते, कारण आपण तिचा सारा भार शेवटच्या टोकाला टाकला आहे. पोलीस पानठेल्यामागच्या चार चक्र्या जप्त करतात, शाळेत जाणाऱ्या मुलाला दटावतात. तो धागा कोणत्या कारखान्यात निघाला, कोणत्या घाऊक व्यापाऱ्याने तो मासेमारीचा किंवा आणखी कशाचा म्हणून मागवला, याची नोंद कुठेच नसते. रिळावर बनवणाऱ्याचे नाव नसेल तर शोध तरी कुठून सुरू करायचा?

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. मांजा बंद करावा आणि जाळे बंद करू नये, हा मी केलेला भेद मनाला वाटेल तसा केलेला नाही. ज्या कामाला दुसरा बिनधोक माल तितक्याच सोयीने मिळतो आणि ज्यात चूक झाली तर तिऱ्हाइताचा जीव जातो, तिथे बंदी. ज्या कामावर घर चालते आणि पर्यायाचा अर्थ गरिबाचे कष्ट दुप्पट होणे असा होतो, तिथे बंदी हा अन्याय आहे आणि तिथे जबाबदारी वाटून द्यावी लागते. ‘प्लास्टिक बंद’ असे एकाच दमात म्हणणाऱ्या घोषणा हा भेद करत नाहीत, म्हणून त्या भिंतीवरच राहतात.

पश्चिमेकडे, कापसाच्या पट्ट्यात, प्रश्नाचे रूप निराळे आहे आणि त्याचा फटका थेट शेतकऱ्याच्या दराला बसतो. वेचलेला कापूस खताच्या रिकाम्या चुंगड्यांत, म्हणजे प्लास्टिकच्या पोत्यांत, भरला जातो, चुंगडीचे तोंड कृत्रिम सुतळीने बांधले जाते, आणि सोडताना ती सुतळी ओढून तोडली जाते. चुंगडीचे निघालेले पट्टे आणि सुतळीचे तंतू कापसात जातात, जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करताना, चिरडून आणखी बारीक होतात आणि रुईच्या गाठीत दडतात. पांढऱ्या रुईत पांढरा तंतू दिसत नाही. सूत निघते, कापड विणले जाते, ते रंगवले जाते, आणि तेव्हा कुठे ते उघडकीस येते. कारण पॉलिप्रोपिलीन रंग घेतच नाही आणि नायलॉन कापसाच्या रंगाला कापसासारखे दाद देत नाही. गडद निळ्या कापडावर पांढरे ठिपके उमटले की पूर्ण ताग्याची किंमत पडते. भारतीय कापूस परदेशी गिरण्यांत कमी दराने का घेतला जातो याचे एक कारण ही भेसळ आहे, हे कापूस क्षेत्रातील जाणकार कित्येक वर्षे सांगत आले आहेत, आणि २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेत जिनिंग कारखाने सुधारण्यामागेही स्वच्छ कापसाचाच हेतू होता. कारखाने सुधारले, फरशा आल्या, सरकते पट्टे आले. शेतातली चुंगडी तशीच राहिली.

यासाठी शेतकऱ्याला उपदेश करून भागत नाही. वेचणीच्या मजुरीचा दर दरवर्षी वाढत असताना वेगळी सुती ओटी आणि सुती पिशवी विकत घेणे हा त्याच्यासाठी जादा खर्च आहे, आणि स्वच्छ कापसाला बाजार समितीत वेगळा भाव मिळत नसेल तर तो खर्च त्याने का करावा? ज्या मातीत कापूस पिकतो त्याच मातीतल्या माणसाला कापूस भरायला कापसाची पिशवी परवडत नाही, ही गोष्ट मला फार लागते. खरेदी केंद्रावर सुती पिशवीतून आलेल्या मालाला चार पैसे जास्त मिळाले, तर सीतादहीच्या, म्हणजे कापसाची वेचणी सुरू करण्याच्या, दिवशी पूजेला नेलेली पिशवी शेवटच्या वेचणीपर्यंत घराघरांतून वापरली जाईल, याबद्दल मला शंका नाही.

अंबाडीच्या दोराचा विषय निघाला की आमच्याकडची वडीलधारी माणसे हळवी होतात, आणि मीही होतो. वडील पोळ्याच्या आधी वाख काढून वेसण, म्होरकी, कासरा स्वतः वळत असत. त्या दोराचा वास, त्याचा खरखरीत स्पर्श, बैलाच्या नाकाला तो न कापता बसणे, हे सगळे खरे आहे. पण अंबाडी सडवायला नाल्याच्या घाण पाण्यात दिवसचे दिवस घालवावे लागत, त्या पाण्याला असह्य दर्प येई आणि त्यातले मासे मरत, हेही तितकेच खरे आहे. त्या कष्टाकडे पुन्हा कोणी परतणार नाही आणि कोणाला परत पाठवण्याचा मला अधिकार नाही. तरीही काही कामे अशी आहेत की जिथे नैसर्गिक धागाच शहाणपणाचा आहे. जनावराच्या वेसणीला आणि दाव्याला, जिथे बारीक कृत्रिम दोर कातडीत रुततो, तिथे सुती किंवा तागाचा दोर हवा. वेलवर्गीय पिकांना आधार देणारी सुतळी चार महिन्यांत काम संपवते. ती पुढे कित्येक वर्षे शेतात पडून राहावी इतका टिकाऊ माल तिथे लागतच नाही, तिथे ताग पुरतो. विहिरीतल्या मोटरीला मात्र टिकणारा, खात्रीचा दोर हवा, आणि हिसका बसतो तिथे खरे नायलॉन हवे. ही निवड करण्याची बुद्धी शेतकऱ्याकडे आहे. त्याच्याकडे नाही ती माहिती, कारण दुकानात लोंबकळणाऱ्या पाच दोरांपैकी एकावरही तो कशाचा आहे हे लिहिलेले नसते.

हे लिहिले जाणे ही पहिली मागणी आहे. भारतीय मानक ब्युरोने कृत्रिम दोरांची मानके ठरवलेली आहेत, पण आठवडी बाजारात किलोवर तोलून दिल्या जाणाऱ्या दोराला ती ऐच्छिक असल्यासारखीच आहेत. दोराच्या गुंडाळीत ठरावीक अंतरावर छापील फीत गुंफायची, तिच्यावर पदार्थाचे नाव, बनवणाऱ्याचे नाव, वर्ष आणि किती भार सोसतो ते मराठीत व हिंदीत लिहायचे, एवढे केले तर दोर कितीही तुकड्यांत विकला तरी त्याची ओळख त्याच्यासोबत राहील. जाळ्याच्या आणि धाग्याच्या रिळालाही हेच लागू करता येते, आणि मग जानेवारीत जप्त होणाऱ्या चक्रीतला धागा कुठून आला याचा माग काढणे पोलिसांनाही शक्य होईल.

दुसरी मागणी परत घेण्याची आहे, आणि ती करताना मी काही नवलाचे मागतो आहे असे नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्लास्टिकच्या वेष्टनांसाठी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी निश्चित केली: ज्याने वेष्टन बाजारात आणले त्याने ते गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची. त्याच वर्षी टायरलाही अशी जबाबदारी लागू झाली. म्हणजे बैलगाडीच्या टायरमधल्या नायलॉनला धनी मिळाला, पण तलावातल्या नायलॉनला मिळाला नाही. जाळी आणि दोर या चौकटीच्या बाहेरच राहिले. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात मासेमारीच्या प्लास्टिक साहित्यालाही ही जबाबदारी लावली. फिलिपीन्समध्ये २०१२ पासून किनाऱ्यावरच्या गरीब मच्छीमारांकडून फाटकी जाळी वजनावर विकत घेऊन गालिच्यांच्या धाग्यासाठी पाठवण्याचा उपक्रम चालला. हे शक्य होते, कारण नायलॉन ६ ची साखळी उष्णतेने उलगडून पुन्हा कॅप्रोलॅक्टम मिळवता येते आणि त्यातून नव्यासारखाच धागा निघतो. सर्वच प्लास्टिकांना ही सोय नाही. म्हणून फाटके जाळे हा कचरा नव्हे, कच्चा माल आहे. फक्त तो अर्जुनी मोरगावच्या पाळीवरून कारखान्यापर्यंत नेणारा कोणी नाही, आणि त्यात पॉलिप्रोपिलीनची भेसळ झाली तर त्याचा दर घसरतो. नाव आणि परतावा या दोन मागण्या इथे एकमेकींत गुंततात.

याने जाळे महाग होईल आणि भार शेवटी ढिवरावरच पडेल, असा आक्षेप मला ऐकू येतो आणि तो हलका नाही. म्हणूनच परतीची रक्कम जाळ्याच्या किमतीत मिसळून न टाकता अनामत म्हणून वेगळी ठेवली पाहिजे, जाळे आणून दिले की ती हातात पडली पाहिजे, आणि अडकून हरवलेल्या जाळ्याची खबर देणाऱ्याला दंड होता कामा नये. दंड झाला तर खबर कोणीच देणार नाही आणि जाळे तळाशी राहील. गोळा करण्याची जागाही नव्याने शोधावी लागत नाही. बहुतेक तलावांचा ठेका गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिचे कार्यालय असते, वजनकाटा असतो, सभासदांची वही असते. उन्हाळ्यात तलाव आटल्यावर तळावरची जुनी जाळी वेचणे हे रोजगार हमीच्या कामांत बसवता आले तर ज्या महिन्यांत मासे नसतात त्याच महिन्यांत त्या घरांत मजुरी येईल.

आणि राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग तर मच्छीमारांना जाळी आणि धागा घेण्यासाठी अनुदान देतोच. सरकारी पैशाने नवे नायलॉन तलावात जाते; जुने बाहेर येण्यासाठी त्याच पैशाचा आधार का मिळू नये? मोठा कायदा व्हायला वेळ लागेल, केंद्राच्या नियमांत जाळी-दोर यायला आणखी वेळ लागेल, तोवर एक गोष्ट जिल्ह्याच्या पातळीवर पुढच्या हंगामापासूनही सुरू करता येईल. अनुदानाच्या अर्जावर एक रकाना वाढवावा: संस्थेकडे जुने जाळे किती किलो जमा केले. जो जमा करील त्याला अनुदानाचा हिस्सा थोडा जास्त द्यावा, आणि जमा झालेला माल पदार्थानुसार वेगळा करून ठेवण्यासाठी संस्थेला प्रतिकिलो मोबदला द्यावा. असे वेगळे करण्यासाठी सुरुवातीला कोणतेही यंत्र लागणार नाही. पाण्याने भरलेली एक टाकी पुरेल, जे वर येईल ते एका ढिगात आणि जे बुडेल ते दुसऱ्या.